तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीतली सुई

“डॉक्टर, हिला आधीच नसांचा आजार आहे. पाठीत सुई टोचलीत तर पाय लुळे नाही ना पडणार?” रत्नागिरीत भूल द्यायचं काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला नेहमीचाच.

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून माहेरी बाळंतपणाला आलेली एक मुलगी होती. सिझर ठरलेलं. टेबलावर बसवून मी पाठ पुसत होते, तर हळूच म्हणाली, “मॅडम, मला एमएस आहे. सासूबाईंना सांगू नका हं.” एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार. हातातला बोळा हातातच राहिला. फाइल? मुंबईला, कपाटात. भावाने फोनाफोनी केली, तेव्हा अर्ध्या तासाने एमआरआयच्या रिपोर्टचा वाकडातिकडा फोटो व्हॉट्सॲपवर आला.

सुईने पाय जाणं फार म्हणजे फार दुर्मीळ. मज्जारज्जू बहुतेकांचा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, आम्ही त्याच्या खाली टोचतो. एमएसची गोम वेगळीच आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो दबतो आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत उसळतो. युरोपातल्या २५४ बायकांच्या अभ्यासात १९९८ साली हे दिसलं. एपिड्यूरलमुळे, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून दिलेल्या भुलीमुळे, उसळी वाढल्याचं मात्र दिसलं नाही. तरी पाय जड झाला की बोट सुईकडेच. म्हणून कुठे बधिर, कुठे जोर कमी, हे मी आधीच तपासून लिहून ठेवते. त्यात माझाही बचाव आहे, खोटं कशाला बोलू?

धोका खरा असतो तो मेंदूत गाठ असून दाब वाढलेला असेल तेव्हा. सुईच्या भोकातून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपलं तर मेंदू खाली सरकू शकतो. जन्मतः पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाईचा मज्जारज्जू खाली अडकलेला असू शकतो. तिथे एमआरआय पाहिल्याशिवाय मी सुई उचलत नाही.

आणि याच्या अगदी उलट, झाडावरून पडून छातीपासून खाली संवेदना गेलेली बाई. “तिला कळाच कळत नाहीत, मग एपिड्यूरल कशाला?” असं वडील विचारतात. कळा तिला कळत नसल्या तरी शरीराला कळतात. इजा वरच्या मणक्यांत असेल तर बीपी एकदम भडकतं, आणि ते आवरायला एपिड्यूरल फार कामाचं.

मुंबईवाल्या मुलीला स्पायनलच दिलं, म्हणजे पाठीत एकदाच सुई टोचून द्यायची भूल. मुलगी झाली. बाहेर सासूबाई उभ्याच होत्या. “इतका वेळ का हो लागला?”

“फाइल मुंबईला राहिली होती,” मी म्हटलं.