डीफॉल्टची किंमत

गेल्या आठवड्यात नवा फोन सुरू करताना मी ठरवले होते, की समोर येणारा प्रत्येक मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही. तिसऱ्याच पानावर निश्चय डळमळला. 'सहमत आहे' हे ठळक निळे बटण अंगठ्याखाली आपसूक येत होते, तर त्याखाली फिकट करड्या अक्षरांत 'अधिक पर्याय' असे लिहिले होते. तेथे गेल्यावर एक लांबलचक यादी उघडली, जिच्यातल्या सगळ्या परवानग्या आधीच चालू, म्हणजे 'डीफॉल्ट', होत्या. त्या एकेक करून बंद करत तळाशी पोहोचलो, तर तेथे पुन्हा निळे बटण: 'सर्व स्वीकारा'. सवयीने तेच दाबणार होतो, थोडक्यात वाचलो.

पर्याय दिला होता, वापरकर्त्यानेच तो निवडला नाही, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. सेटिंग बदलण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, हे मात्र या कंपन्यांइतके कोणालाच ठाऊक नसावे. ब्राउझरमधले सर्च इंजिन कोणालाही मिनिटभरात बदलता येते; तरीही फोन आणि ब्राउझरमध्ये आपलेच सर्च इंजिन आधीपासून बसवलेले असावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. हा आकडा अमेरिकेतील मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधील मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. लोक खरोखरच स्वतः निवड करत असते, तर एवढा पैसा कोणी कशाला ओतला असता?

याची उलट बाजूही पाहायला मिळाली. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर एखाद्या ॲपला इतर ॲपमध्ये आपला माग काढायचा असेल, तर आधी स्पष्ट विचारावे लागते. माणसे तीच होती, फक्त प्रश्न समोर आला आणि अनेकांनी नकार दिला. आणि त्यामुळे २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने स्वतःच मांडला. (म्हणून ॲपलला संतपद देण्याचे कारण नाही. गूगलच्या त्या पैशातला मोठा वाटा ॲपललाच मिळतो.)

फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, कारण कुकीज (आपला माग ठेवण्यासाठी संकेतस्थळे ब्राउझरमध्ये साठवतात त्या छोट्या नोंदी) स्वीकारायला एक क्लिक पुरत असे आणि नाकारायला अनेक लागत. काही महिन्यांतच युरोपात 'सर्व नाकारा' हे बटण आले. ते करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड होते, असे आता कोणी म्हणू शकत नाही.

मेसेजिंग ॲपच्या बाबतीत मात्र बटण पुरेसे नाही. धोरण पटले नाही म्हणून मी एक ॲप काढून टाकले आणि दुसरे घेतले. नातेवाइकांचा गट, कार्यालयाचा गट, मुलीच्या वर्गाचा गट मात्र पहिल्यावरच राहिला. शाळेची एक महत्त्वाची सूचना हुकल्यावर महिन्याभरात निमूटपणे परतलो. दुसरे ॲप अजून फोनवर आहे. त्यावर आम्ही तिघे जण बोलतो.