काढ, भाग 4: टीमक्समध्ये पायथन का रुसत होतं

सापडलं! अकरा दिवस छळणारं भूत शनिवारी रात्री सापडलं, आणि ते मीच पोसलेलं निघालं.

मागच्या वेळी लिहिलं होतं की 'काढ', म्हणजे हवी ती कमांड शोधून देणारं माझं छोटं हत्यार, चालायला लागलंय. कमांड मारली की मशीनवरची सगळी हत्यारं (कमांडने चालणारे प्रोग्रॅम) एफझेडएफच्या, म्हणजे टाइप करता-करता यादी गाळणाऱ्या शोधकाच्या, यादीत येतात, दोन-तीन अक्षरांत हवं ते वर, एंटर. (एफझेडएफला तोड नाही, हे माझं मत अजून तेच.) पण टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलात अनेक खिडक्या देणारा प्रोग्रॅम) शिरलं की माझी पायथन स्क्रिप्ट सिंटॅक्स एरर देऊन आडवी. बोट 'मॅच'च्या ओळीवर. मॅच पायथन 3.10 पासून आहे आणि होमब्रूचं (मॅकवर प्रोग्रॅम बसवून देणारं पॅकेज मॅनेजर) पायथन त्याच्या बरंच पुढचं. साध्या खिडकीत तीच स्क्रिप्ट सुतासारखी सरळ.

आधी एफझेडएफवर संशय, मग टीमक्सच्या कॉन्फिगवर. ती अख्खी उडवून पाहिली, फरक शून्य. शेवटी 'टाइप डॅश ए' (एकाच नावाचे सगळे प्रोग्रॅम क्रमाने दाखवणारी कमांड) मारलं, जे पहिल्याच दिवशी मारायला हवं होतं. टीमक्सच्या आत यूएसआर-बिन या मॅकच्या स्वतःच्या फोल्डरातलं 3.9 पुढे, होमब्रूचं मागे.

उत्तर मात्र मुलुंडहून दादरला जाताना डब्यात उभ्या-उभ्या सुचलं. दोन्हीकडचा पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत, कुठल्या क्रमाने शोधायचे ती यादी) ओळीओळीने छापून फोनवर फोटो घेतले होते. माणसं तीच, रांग वेगळी! टीमक्स दर नव्या खिडकीत लॉगिन शेल उघडतं, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम पहिल्यापासून सगळी तयारी करत सुरू होतो. मॅक-ओएसवर लॉगिन शेल म्हणजे आधी ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरातली झेडप्रोफाइल (सुरू होताना आपोआप चालणारी फाइल), आणि तिच्यात पाथ-हेल्पर. तो ईटीसी-पाथ्समधली आपली मंडळी पुढे उभी करतो आणि आधीपासून रांगेत असलेल्यांना मागे ढकलतो. त्यानंतर माझी स्वतःची झेडप्रोफाइल येते आणि होमब्रूला पुन्हा पुढे आणते.

आणायला हवं होतं. पण भाग 2 मध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं आठवतंय? टीमक्समध्ये पाथ दुप्पट होतो म्हणून मी एक खूण एक्स्पोर्ट केली होती, म्हणजे इथून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांनाही दिसेल अशी ठेवली होती: खूण दिसली तर पाथला हात लावू नको. टीमक्सला ती खूण बाहेरून वारशाने मिळते. म्हणजे पाथ-हेल्पर रांग मोडून जातो आणि माझी फाइल 'झालंय सगळं' म्हणून गप्प बसते. ज्यांनी ती युक्ती उचलली असेल त्यांनी आजच काढा, माफी असावी.

उपाय दोन ओळींचा. खूण काढली, 'टाइपसेट डॅश कॅपिटल यू पाथ' लिहिलं, खाली होमब्रू बिनधास्त पुढे जोडलं. डुप्लिकेटमधला पहिलाच टिकतो, म्हणून यादी फुगत नाही. नव्या खिडकीत स्क्रिप्ट चालली तेव्हा रात्रीचे पावणेदोन. चहा टाकला.

आता पुढे यादीत प्रत्येक हत्यारासमोर मी हाताने लिहिलेलं टिपण दाखवणार होतो. 63 लिहून झालीत. पण हे लिहिता-लिहिताच डोक्यात आलं की होमब्रूची 'ब्रू डेस्क' कमांड पॅकेजची एका ओळीत माहिती देतेच की. अडचण एवढीच की उदाहरणार्थ कमांडचं नाव आरजी आणि पॅकेजचं रिपग्रेप. पण होमब्रूच्या बिनमधलं आरजी ही नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी पाटी), सेलर या होमब्रूच्या कोठारातल्या रिपग्रेपच्या फोल्डरकडे जाणारी! लिंकचा माग काढला की नाव हातात. थांबा, करून बघतो.

झालं. यूव्हीने (पायथनची हत्यारं बसवणारा प्रोग्रॅम) टाकलेल्यांचंही जमेल, त्यांच्या लिंकही टूलच्या नावाच्या फोल्डरातच जातात, फक्त एका ओळीचं वर्णन दुसरीकडून आणावं लागेल.

मग 63 टिपणं फुकट? एफएफएमपेगसमोर डेस्क म्हणतंय की ऑडिओ-व्हिडिओ वाजवा, रेकॉर्ड करा, बदला. माझं टिपण म्हणतं, 'ताईच्या लग्नाचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर जातील एवढे लहान करायचे तर हे.' माझं असेल तिथे माझं, नसेल तिथे डेस्क. भाग 5 त्यावर.