सीबीडीएचं वाण आणि प्रयोगशाळेचा फॉर्म

मला सीबीडी (हेम्पमधलं नशा न आणणारं द्रव्य) नको होतं, त्याचं आम्लरूप सीबीडीए हवं होतं. हेम्पच्या, म्हणजे नशेचं द्रव्य अत्यल्प असलेल्या भांगेच्या, ताज्या फुलात मुळात हे आम्लच असतं. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सीबीडी उरतं. न तापवताही हे आम्ल भरपूर देणारं वाण मला तयार करायचं होतं.

परवाना मिळाला, नर झाडं वेळेत वेगळी केली, हवा तोच संकर झाला. घोडं अडलं ते प्रयोगशाळेत.

कित्येक आठवड्यांनी रिपोर्ट हातात पडला, तर त्यात सीबीडीएचा रकानाच नाही! सगळं सीबीडी म्हणून दाखवलेलं. फोन केला, तर उत्तर आलं, "आमचा रिपोर्ट असाच असतो." खोदून विचारल्यावर कळलं, तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने केली होती. त्यात नमुन्याची तापवून वाफ करतात, आणि आधी खास रासायनिक प्रक्रिया केली नसेल तर आम्ल तिथेच मोडतं. मला जे मोजायचं होतं, ते मोजण्याआधीच नाहीसं झालेलं. एचपीएलसीत, म्हणजे नमुना द्रवात विरघळवून घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीत, तो असा तापत नाही. ते यंत्र त्यांच्याकडे होतं, फॉर्मवर मात्र तसा पर्याय नव्हता! मग अर्ज, वरिष्ठांची सही, पुन्हा नवा नमुना. इकडे फुलं पिकत चाललेली आणि कोणतं झाड ठेवायचं ते ठरत नव्हतं. अजूनही आठवलं की संताप होतो. नमुना देण्याआधी पद्धत लेखी घ्या.

आणि हो, झाडं फुलावर येण्याआधीच प्रत्येकाचं कलम करून ठेवा. माझी निवड त्यामुळेच वाचली. नमुनाही सावलीत, गार जागी सुकवा. साठवणीतही आम्ल हळूहळू मोडतं.

दुसऱ्या रिपोर्टात आम्ल आणि सीबीडी वेगवेगळे आले. एकूण सीबीडी काढताना सीबीडीएला 0.877 ने गुणायचं, कारण निघून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडएवढं वजन घटतं. टीएचसीएला, म्हणजे नशा आणणाऱ्या टीएचसीच्या आम्लरूपालाही, हाच गुणक. सीबीडीए बनवणारं एन्झाइम थोडं टीएचसीएही बनवतं, त्यामुळे सीबीडीए वाढलं की तेही वाढतं. जिथे एकूण टीएचसीची मर्यादा 0.3 टक्के आहे, तिथे सर्वाधिक सीबीडीए देणारं झाडच बाद होऊ शकतं. म्हणून मी सर्वाधिक आकड्याचं झाड सोडलं आणि टीएचसीएच्या तुलनेत सीबीडीएचं गुणोत्तर सर्वांत चांगलं असलेलं निवडलं. त्याची पुढची पिढी आता वाढते आहे, आणि या वेळी फॉर्मवर एचपीएलसी मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.