पाणटिवळ्याच्या पायातली तीन अक्षरे

पक्ष्यांची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझ्या घरी तारखेपेक्षा तिथीला अधिक मान आहे. तिथीची पाऊणपट केली की कोकण किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल ते कळते. एकादशीला ती सव्वाआठच्या सुमारास येते आणि पाणी ऐरोलीपर्यंत चढायला आणखी थोडा वेळ लागतो. मार्चमधल्या एका एकादशीला आम्ही सूर्योदयालाच ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या धक्क्यावरून निघालो, ते हाच हिशेब करून.

काम एका दिनदर्शिकेचे होते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेला, तेव्हापासून सर्वांना येथून एकच चित्र हवे असते : रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, उडता थवा. "होडी जरा जवळ न्या, आपोआप उडतील," असा सल्लाही मला फोनवर मिळाला होता. चिखलातले शेवाळ गाळून पोट भरणाऱ्या आणि थोड्याच आठवड्यांत लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या पक्ष्याला चित्रासाठी उठवणे मला मान्य नाही. आमच्या नाखव्यालाही नाही. त्याने थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केले आणि नांगर टाकला.

मात्र माझ्या हिशेबात एक खोट होती. सकाळच्या उन्हातली भरती भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीच्या, दिवसांतच मिळते आणि भांगाचे पाणी सगळा चिखल बुडवत नाही, त्यामुळे उधाणाला नेरूळच्या पाणथळींकडे उडून जाणारे लहान रोहित त्या दिवशी जागचे हलण्याचे काही कारणच नव्हते. तासभर मी माना खाली घातलेले गुलाबी पक्षी टिपत राहिलो.

तेवढ्यात नाखवा हळूच म्हणाला, "साहेब, त्याच्या पायात काय आहे बघा." उरल्यासुरल्या चिखलावर दाटीने उभ्या असलेल्या काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांपैकी, म्हणजे लांब चोचीच्या स्थलांतरित पाणपक्ष्यांपैकी, एकाच्या गुडघ्यावर रंगीत पट्टी होती. मानेवर वीणीच्या हंगामाचा तांबूस रंग चढू लागला होता, म्हणजे उत्तरेकडे जाण्याचे दिवस जवळ आले होते. संशोधक अशा पट्टीवर अक्षरे कोरतात, ती दुर्बिणीतून किंवा छायाचित्रातून वाचता आली तर पक्ष्याला पुन्हा न पकडता त्याचा माग लागतो. ही पट्टी मात्र चिखलाने माखलेली होती.

पुढची चाळीस मिनिटे मी रोहितांकडे पाहिलेही नाही. चढते पाणी पक्ष्यांना आमच्याकडे ढकलत होते आणि तेच पट्टीवरचा चिखल धूत होते, पण तेच थोड्या वेळात पट्टीही बुडवणार होते. त्यात तो पक्षी मध्येच तो पाय पिसांत दुमडून एका पायावर डुलकी घेई. पाचशे मिलिमीटरच्या लेन्सला होडीचा बारीकसा हेलकावाही पुरतो. मी श्वास रोखून एका दमात आठदहा चित्रे घेत होतो आणि बहुतेक पुसट येत होती. अखेर त्याने डोके खाजवायला तो पाय उचलला. पट्टी पायाभोवती वळलेली असल्यामुळे एका चित्रात पहिली दोन अक्षरे दिसली, पुढच्यात शेवटची दोन. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही तिन्ही वाचली; मधल्या अक्षरावर माझे आणि नाखव्याचे एकमत व्हायला थोडा वेळ लागला, आणि बरोबर तोच होता.

ती चित्रे छायाचित्र म्हणून टाकाऊच होती : तिरका पक्षी, मागे कचऱ्याची पिशवी, चोच चौकटीबाहेर. ती मी पट्ट्या घालणाऱ्या संशोधकांकडे पाठवली. पाणटिवळ्याला याच खाडीत, दोन हिवाळ्यांपूर्वी पट्टी घातली होती, असे त्यांनी कळवले. मधल्या काळात तो उत्तरेकडे जाऊन पुन्हा त्याच चिखलावर उतरला होता.

दिनदर्शिकेला उभ्या रोहितांवर समाधान मानावे लागले. वर आकाश थोडे जास्त ठेवले असते तर महिन्याचे नाव छापायला जागा मिळाली असती, एवढीच त्यांची तक्रार होती.