चेंबरवाल्यांसमोरचा माहितीपट
शनिवार, रात्री सव्वाअकरा

पंचवटीतल्या एका वस्तीच्या समाजमंदिरात आज आम्ही दिव्या भारती यांचा ‘कक्कूस’ हा माहितीपट दाखवला. तमिळनाडूत हाताने मैला उपसणाऱ्या माणसांवरचा हा माहितीपट २०१७ साली आला आणि तिथे त्याच्या जाहीर प्रदर्शनांना पोलिसांनी अडथळे आणल्यावर तो यूट्यूबवर सर्वांसाठी मोफत ठेवण्यात आला. तरीही आज सतरंजीवर बसलेल्या साठेक जणांपैकी, ज्यांत निम्म्याहून अधिक सफाई कामगारच होते, एकानेही तो पाहिलेला नव्हता. बोलणे तमिळ, खालच्या ओळी इंग्रजी. मग तो फुकट असून यांना उपयोग काय?

म्हणून मी पडद्याशेजारी बसून त्या ओळींचे मराठी मोठ्याने वाचत राहिले. मूकपटांच्या काळीही पडद्यावरच्या पाट्या अक्षरओळख नसलेल्यांना कोणीतरी वाचून दाखवीत असे. फाळक्यांनी १९१३ नंतर याच नाशकात चित्रपट काढले, तेव्हा ही रीत गावाला नवी नाही, एवढाच धीर मी स्वतःला देत होते.

पहिल्या दहा मिनिटांतच माझे मराठी अडखळले. मी ‘मॅनहोल’ असे वाचताच पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, “ताई, चेंबर म्हणा, चेंबर.” पुढे मी ‘विषारी वायू’ म्हटले, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितले. आम्ही चित्र थांबवले आणि ते उठून बोलू लागले: झाकण काढून चेंबर बराच वेळ उघडे ठेवावे लागते, वरून पाणी शांत दिसले तरी तळाचा गाळ काठीने ढवळला की दबलेला वायू एकदम सुटतो, आणि सडक्या अंड्यांसारखा वास येत असतो तोवर माणूस सावध असतो, पण तो वास अचानक येईनासा झाला तर वायू गेला असे समजायचे नाही, तसेच वर यायचे. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होते, हे मी वाचलेले होते. पण ते सांगताना काकांनी नकळत नाकावर ठेवलेला हात मी विसरू शकत नाही. त्यानंतर ‘सुरक्षा साधने’ हे शब्द उच्चारताना माझा आवाज खाली गेला.

चित्र संपल्यावर दिवे लागले, तरी काही क्षण कोणी उठले नाही. मग एका मावशींनी विचारले, “गेलेल्यांच्या घरच्यांना काही मिळतं का?” मी सांगितले, की हे काम करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मावशींनी तीस लाख हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि शेजारच्या मुलीला वहीत लिहायला लावला. ठेकेदाराकडच्या माणसालाही तो लागू होतो का, या पुढच्या प्रश्नावर चर्चा तासभर चालली. असा प्रश्न एकट्याने मोबाइलवर पाहताना विचारायचा तरी कोणाला? माझ्या मते माहितीपट चार माणसांत बसूनच पाहावा तो यासाठी, आणि त्यानंतरची चर्चा वेळेअभावी गुंडाळणे हा त्या माणसांचा अपमान आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी सफाईला बाहेरगावाहून माणसे आणली जातील, त्यांच्यासमोरही हे दाखवा, असे जाताना काकांनीच सुचवले. तोवर मला सगळ्या ओळींचे मराठी आधी कागदावर उतरवायचे आहे. शब्द तपासायला ते गुरुवारी पाळी संपल्यावर येणार आहेत.