तराफ्याची मोटर आणि माझीच वायर

सावद्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात केळीवाल्यांच्या जळक्या मोटरी दारात रांगेनं पडतात, आणि दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी तेच ऐकवतो, "दादा, वायर बारीक टाकली म्हणून जळली." आता माझं ऐका.

हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवकडे, गळ टाकायला मी तराफा केलाय (तिथल्या सोसायटीवाल्यांना विचारून). केळीच्या बागेतले 200 लिटरचे चार निळे ड्रम, वर अँगलची फ्रेम, तिच्यावर प्लाय. ड्रम अर्धे बुडाले की 400 किलो पेलतात. वल्हवून जमायचं, पण तापी-पूर्णेच्या संगमावर दुपारी वारा सुटला की तराफा काही केल्या सरळ जात नाही. मग 12 व्होल्टची, 55 पौंड जोराची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी ढकलणारी पंख्याची छोटी मोटर, मागवली. फुल स्पीडला 50 अँपिअरच्या आसपास ओढते.

मोटर मागे, मी मागे, 30 किलोची इन्व्हर्टरची बॅटरीही मागे. तराफा बसकण मारलेल्या म्हशीसारखा दिसायला लागला. बॅटरी पुढे नेली. मधल्या अंतरासाठी दुकानात पडलेली अडीच एमएमची वायर जोडली. जाऊन-येऊन पाच मीटर.

स्पीडच्या तिसऱ्या नंबरापर्यंत झकास. पाचवर टाकली, तर जोर काही वाढेना, आणि नाकात तो वास आला. वार्निशचा नव्हे, पीव्हीसीचा. इन्सुलेशन भिजवलेल्या कणकेसारखं मऊ पडलं होतं. साडू समोर बसलेला. "काय भाऊ, जयली का काय?"

घरी येऊन कागदावर मांडलं. 40 अँपिअरला या वायरीत दीड व्होल्ट जातात. 230 मधले दीड गेले तर कुणाला कळतही नाही. 12 मधला तो आठवा हिस्सा. साठ वॉट नुसते वायर तापवायला! हे गणित मी रोज दुसऱ्यांना शिकवतो.

आता 16 एमएमची वेल्डिंग केबल आहे, टोकांना लग (तांब्याची टोपणं) दाबून बसवलेले, आणि बॅटरीच्या प्लसलाच 60 अँपिअरचा फ्यूज. घरची एमसीबी लावायचा मोह झाला होता, पण ती एसीची, आणि बॅटरी डीसीची. डीसीचा आर्क, म्हणजे तोडताना उडणारी ठिणगी, तिच्याच्यानं विझेल याचा भरवसा नाही.

फुल स्पीडला 100 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी पाऊण तासात निम्मी होते, आणि शिसं-ॲसिडची त्याखाली उतरवू नये. म्हणून जाताना दोन नंबर, पाच फक्त वाऱ्यात. पंख्यात जलपर्णी अडकली तर क्षणभर उलटी फिरवायची, बहुतेक वेळा सुटते.

ती मऊ पडलेली वायर साडूनं दुकानात खिळ्याला टांगलीय. कुणी विचारलं तर तोच सगळं रंगवून सांगतो. मी खाली मान घालून कॉइल भरत बसतो.