वाईचा पाऊस: नोंदवहीचा पाचवा हंगाम

30 सप्टेंबरला सकाळी साडेआठचं माप वहीत उतरवलं आणि माझा पाचवा पावसाळा पुरा झाला. जून 2021 मध्ये कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर सुरुवात केली होती. आता दोन पर्जन्यमापक आहेत, एक तापमापक आहे आणि तीन वह्या भरल्यात. यंदा नुसते आकडे जमवण्यापेक्षा त्यांची जुन्या नोंदींशी गाठ घालण्यात जास्त वेळ गेला, म्हणून आज लिहितेय ते बहुतेक त्याबद्दलच.

आधी मे महिन्याचं, कारण यंदाच्या सगळ्या हिशोबाची सुरुवात तिथेच अडली. 2025 चा मान्सून केरळात 24 मेला आला आणि 26 मेला मुंबईत पोचला. मुंबईची सरासरी तारीख 11 जून. कुलाब्याला मे 1918 मध्ये 279.4 मिमी पाऊस झाला होता, तो महिन्याचा विक्रम 107 वर्षांनी मोडला. इकडे घाटाखाली आमच्याकडेही शिवारात पाणी साचलेलं, वाफसा नाही, मशागती खोळंबलेल्या. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, रोज सकाळी मी मोजपात्र घेऊन आत आले की विचारायचे, "अगं, हा पाऊस धरायचा कुठल्या खात्यात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हवामान खात्याचा मोसमी हंगाम 1 जून ते 30 सप्टेंबर. मान्सून आधी येवो की नंतर, तुलनेचं खातं 1 जूनलाच उघडतं आणि मेमधलं सगळं पाणी पूर्वमोसमी रकान्यात जातं. नियम म्हणून ते योग्यच आहे, कारण दरवर्षी खात्याच्या तारखा बदलल्या तर शंभर वर्षांची तुलना करायची कशाशी? पण मग जूनचा आकडा एकटा बघून 1 जूनला जमीन किती ओली होती हे कळत नाही. मी आता दोन बेरजा ठेवते. पहिली जून ते सप्टेंबर, हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडून बघायला. दुसरी नक्षत्रांची, रोहिणी ते स्वाती, म्हणजे साधारण 25 मेपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ही दुसरी बेरीज अण्णांसाठी सुरू केली आणि तिनेच मला जास्त शिकवलं. त्याबद्दल पुढे.

त्याआधी एक चूक सांगितलीच पाहिजे, कारण नवा पर्जन्यमापक घेणाऱ्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते. 2024 च्या जूनमध्ये मी बाटली सोडून फायबरचा रीतसर पर्जन्यमापक मागवला. सोबत काचेचं मोजपात्र आलं, खुणा सुबक, मी निर्धास्त. महिनाभर आकडे भरघोस येत होते. वर्षही चांगल्या पावसाचं होतं, देशभरात हंगामाचा पाऊस सरासरीच्या 108 टक्के झाला, त्यामुळे शंका आली नाही. चांगल्या पावसात असली चूक लपून राहते. ऑगस्टमध्ये एका सकाळी माझा आकडा तालुक्याच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आला, आणि मागची पानं उलटली तर तेच प्रमाण ओळीने दिसायला लागलं.

मग स्टीलची पट्टी घेऊन नरसाळ्याचं तोंड मोजलं. आतला व्यास जेमतेम 16 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर. एवढ्या तोंडावर 1 मिमी पाऊस पडला की 20 मिलिलिटर पाणी जमतं. औषधाच्या सिरिंजने 100 मिलिलिटर पाणी मोजून काचेत ओतलं. 5 ची खूण यायला हवी होती, पाणी 10 वर जाऊन थांबलं. काच 100 चौरस सेंटिमीटरच्या मापकाची होती, विकणाऱ्याने जोडी चुकीची पाठवली होती. मी ओट्याशी उभी राहून तीनदा तेच पाणी ओतलं. जून आणि जुलैचे सगळे आकडे निम्मे करावे लागले. जुने आकडे खोडले नाहीत, शेजारी लाल शाईने दुरुस्त आकडे लिहिले आणि पानाच्या वर कारण लिहिलं. नवीन मापक आला की पहिल्याच दिवशी पट्टी आणि सिरिंज, एवढं तरी कराच.

दुसरी काळजी तारखेची. 23 जुलैचा पाऊस म्हणजे 22 च्या सकाळी साडेआठपासून 23 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला पडलेले 944.2 मिमी मोजले गेले 27 च्या सकाळी. (त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त 73.4. एकाच शहरात.) पहिली दोन वर्षं मी संध्याकाळची सर त्याच दिवसाच्या तारखेला टाकत होते, त्यामुळे खात्याच्या आकड्यांशी माझे आकडे एक दिवस सरकलेले असायचे आणि मी उगाच मापकाला दोष द्यायचे.

आता मुख्य काम. वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर. सह्याद्रीच्या पावसाची याहून चांगली शाळा मला माहीत नाही. कोकणातून वर चढणारे ओले वारे कड्यावर महाबळेश्वरला रिकामे होतात, तिथे वर्षाला ढोबळमानाने साडेपाच-सहा हजार मिमी. पाचगणी तिथून जेमतेम 20 किलोमीटर, पण पाऊस साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की हजाराच्याही आत. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिमी पडला तेव्हा, म्हणजे वाईच्या वर्षाचा मोठा वाटा वर एका दिवसात ओतला गेला तेव्हा, माझी बाटली लावून महिनाही झाला नव्हता. हा छंद मी सोडला नाही त्याला तो आठवडा कारण आहे.

दुसरा मापक गेल्या वर्षीपासून पाचगणीत मावसभावाच्या परसात आहे. त्याचा फोन साडेआठला ठरलेला. "ताई, आज एकवीस, वर थोडं." मी लगेच म्हणते, "थोडं म्हणजे किती? काच डोळ्यासमोर धर आणि नीट बघून सांग." आता तो दशांशासकट सांगतो.

या तीन गावांची जुनी मालिका शोधताना हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने तयार केलेल्या चौकटींच्या आकड्यांकडे वळले. 1901 पासूनचा रोजचा पाऊस, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत, सगळ्यांना खुला. पायथन ही संगणकाची भाषा शिकायला मला दोन महिने लागले, पण फाइल उघडली त्या रात्री झोप आली नाही. 124 वर्षांचा प्रत्येक दिवस! मग नकाशावर चौकटी आखल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. घाटमाथ्याची चौकट 73.75 रेखांशाभोवती आहे, म्हणजे ती 73.625 ते 73.875 पर्यंत पसरते. महाबळेश्वर 73.66 च्या आसपास, पाचगणी 73.80, दोन्ही एकाच चौकटीत. कड्यावरचा पाऊस आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा पाऊस यांचा मिळून एक आकडा! वाई 73.89 वर, जेमतेम रेषेपलीकडे, म्हणून ती खंडाळ्याकडच्या चौकटीत गेली. आमचं नशीब. पण चौकटीचा आकडा हा आसपासच्या केंद्रांवरून बसवलेला असतो, तो कुठल्याही एका परसातला पाऊस नसतो. म्हणून मी चौकटीचे मिलिमीटर माझ्या मिलिमीटरशी लावत नाही. मी क्रम लावते. हा जुलै चौकटीच्या 124 जुलैंमध्ये कितवा, आणि माझ्या पाचांत कितवा. असं केलं की दोन्ही वह्या एकमेकींशी बोलायला लागतात.

जिल्ह्याच्या टक्केवारीवर तर मी आता विसंबतच नाही. सातारा जिल्ह्याच्या एका आकड्यात महाबळेश्वरही येतं आणि पाचशे मिमीच्या आसपास पावसावर जगणारा माण तालुकाही. 'जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस' हे वाक्य माणमधल्या म्हसवडच्या शेतकऱ्याला काय सांगतं? हवामान खात्याच्या भाषेत सरासरीपेक्षा 19 टक्के कमी ते 19 टक्के जास्त, सगळं 'सर्वसाधारण'च. महसूल मंडळाचा आकडा बघावा, आणि तोही आपल्या परसातल्या आकड्याशेजारी ठेवून.

सरासरी कोणत्या वर्षांची, हेही प्रत्येक तक्त्यावर लिहून ठेवायची सवय लावून घेतलीय. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी पूर्वी 1961 ते 2010 वरून 880.6 मिमी धरत, 2022 पासून 1971 ते 2020 वरून 868.6. 2023 ला 820 मिमी झाला. नव्या सरासरीने तो 94.4 टक्के, जुनीने 93.1. पाऊस तोच, पट्टी वेगळी. तापमानाला आणखी तिसरीच पट्टी, 1991 ते 2020. आणि त्याच 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, 36 टक्के तूट. हंगामाच्या 94 टक्क्यांत तो महिना दिसतच नाही. माझ्या वहीत मात्र दिसतो. त्या पानावर ओळीने शून्यं आहेत, मधेच कुठेतरी 1.2, जो पावसाच्या दिवसांतही धरता येत नाही, कारण त्याला किमान 2.5 मिमी लागतात.

आता अण्णांची बेरीज. नक्षत्रांनी पाऊस मोजायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं की हे घरच्यांच्या समाधानासाठी. पण तेरा-चौदा दिवसांचे तुकडे हे पिकांच्या हिशोबाला महिन्यापेक्षा कितीतरी सोयीचे पडतात. आणि रोहिणी 25 मेच्या सुमाराला लागत असल्यामुळे यंदाचा अडकलेला पाऊस आपोआप खात्यात आला. जुन्या नोंदींशी ताडताना एक काळजी घ्यावी लागते. सूर्याचा नक्षत्रप्रवेश इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण 70 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. 1901 पासून आजपर्यंत पावणेदोन दिवसांच्या आसपास. त्यामुळे मृग 8 जून असं सगळ्या वर्षांना सरसकट लावलं नाही, प्रत्येक वर्षाच्या तारखा काढून घेतल्या.

तक्ता तयार झाला तेव्हा दोन्ही चौकटींत तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, अपेक्षेप्रमाणे भारी निघाले. खरी गंमत पुढे. घाटमाथ्याच्या चौकटीत सप्टेंबरनंतर आकडे कोसळतात, पण वाईच्या चौकटीत उत्तरा आणि हस्त यांचा वर्षातला वाटा त्या मानाने बराच मोठा आहे. वर पश्चिमेचे वारे पाऊस आणतात, ते ओसरले की तिथला पाऊस संपतो. आमच्याकडे दुपारनंतर पूर्वेकडून गडगडत येणारे ढग उरतात. पूर्वेला माण-खटावकडे जावं तसा हा वाटा वाढतच जातो. अण्णांना तक्ता दाखवला तर म्हणाले, "हस्तावर आमची ज्वारी उभी राहायची, हे तुझ्या वहीआधी ठाऊक होतं. पण किती ते नव्हतं ठाऊक." त्यांनी तो कागद मागून घेतला, तो आता त्यांच्या पंचांगात आहे.

तापमानाचं काम अजून कच्चं आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सहा ताटल्या उलट्या रचून सावली केली, आत तापमापक, जमिनीपासून सव्वा मीटरवर. पाचगणी आमच्यापेक्षा सुमारे 580 मीटर उंच, म्हणजे किलोमीटरला साडेसहा अंशांच्या हिशोबाने पावणेचार अंशांनी थंड हवी. दुपारी साधारण तसं जुळतं. डिसेंबरच्या पहाटे उलटं होतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जड थंड हवा कृष्णेच्या खोऱ्यात उतरून बसते आणि वाईचा पारा पाचगणीच्या खाली जातो. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते तेव्हा महाबळेश्वरच्या वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो, त्याचंही कारण हेच. गवताच्या पात्याजवळची हवा आणि सव्वा मीटरवरची हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येत्या हिवाळ्यात एक तापमापक गवतालगत आडवा ठेवणार आहे.

मापकाची जागाही बदलावी लागणार. शेजारचा शेवगा दोन वर्षांत इतका वाढलाय की त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर आता सुटत नाही. पुढचा एक हंगाम जुनी आणि नवी अशा दोन्ही जागी मोजेन, नाहीतर पुढे फरक दिसला तर तो पावसाचा की शेवग्याचा हे सांगता येणार नाही.

शेवटी एक विनंती, विशेषतः वाई, मेणवली, पसरणी आणि धोमकडच्यांना. अण्णांच्या वडिलांच्या किराणा दुकानाची 1972 ची चोपडी माळ्यावर सापडली. उधारीच्या नोंदींच्या कडेला पेन्सिलीने 'मृग कोरडा', आणि पुढे आठ पानांनी 'आज सर आली' एवढंच. मिलिमीटर नाहीत. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस जवळपास 24 टक्के कमी होता हे आपण वाचतो, पण वाईत पहिली सर कोणत्या दिवशी आली ते मला त्या चोपडीने सांगितलं, आणि चौकटीच्या आकड्यांत तो दिवस शोधला तर सापडला. तुमच्या घरी अशा डायऱ्या, चोपड्या, पाटाच्या पाळीच्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. मी येऊन बघेन, तिथेच बसून उतरवून घेईन.